हिरकणीच्या नवऱ्याचं काय?

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरी नुकतं बाळ आलंय किंवा येणार आहे, त्या घरातल्या पुरुषांनी तरी शेवटपर्यंत वाचावी. बायकांनी नाही वाचली तरी चालेल, त्यांना यातलं बरंचसं माहीत आहे.

आपण रायगड जिल्ह्यातली माणसं. हिरकणीची गोष्ट आपल्याला कुणी सांगावी लागत नाही. कोजागरीला गडावर दूध घालायला गेलेली गवळण, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हं बाळ आणि रात्री कडा उतरून गेलेली आई. पुढे महाराजांनी तिथे बुरूज बांधला. आख्यायिका आहे, पुरावे मागू नका. पण शाळेत आम्हाला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिच्यात एक माणूस आलाच नव्हता. तिचा नवरा. तो कुठे होता, बाळाला कुणी धरलं होतं, बाई वेळेत परत येईल का हे बघायला कुणी गडाच्या पायथ्याशी गेलं होतं का? वर्गात कुणी विचारलं नाही, बाईंनी सांगितलं नाही. मला स्वतःला हा प्रश्न मुलगी झाल्यावर पडला.

आता हिरकणीचं नाव सरकारने खोलीला दिलंय. हिरकणी कक्ष. एसटी स्टँडवर, सरकारी कार्यालयांत पाटी दिसते. खोली कशी असते हे ज्यांना वापरायची वेळ आली त्यांना विचारा. आम्ही प्रवासात एका बसस्थानकावर (आपलं नव्हे, दुसरीकडचं) गेलो तर दाराला कुलूप, चावी कंट्रोलरकडे, कंट्रोलर चहाला. उघडल्यावर आत तुटक्या खुर्च्या. सामान्य प्रवाशाचं सोडा. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, टीव्हीवर कौतुक झालं. पुढच्याच अधिवेशनात, फेब्रुवारी २०२३ मध्ये, मुंबईच्या विधानभवनातल्या हिरकणी कक्षात धूळ आहे म्हणून त्यांना जाहीर तक्रार करावी लागली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सार्वजनिक ठिकाणी स्तनपानासाठी जागा करा असं राज्यांना बजावलं.

खोली हवीच. त्यावर वाद नाही. पण आई त्या खोलीत बसणार कितीदा? महिन्यातून एकदा-दोनदा. बाकी सगळं पाजणं घरात होतं, आपल्या दोन खोल्यांत, कामोठ्याच्या नाहीतर करंजाड्याच्या वन बीएचकेमध्ये. तिथला हिरकणी कक्ष कुणी सांभाळायचा, यावर ना जीआर निघतो ना बातमी होते. माझ्या मते ते काम नवऱ्याचं आहे. 'मदत' हा शब्द मी मुद्दाम वापरत नाही.

आधी एक साधा हिशोब. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा अंगावर पितं. दहा वेळा धरा, प्रत्येक वेळी अर्धा तास. पाच तास झाले. त्यात ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं धरलेलं नाही. आठवड्याचे पस्तीस तास. एवढ्या तासांची नोकरी लोक ऑफिसात करतात, त्यात रविवारची सुट्टी असते आणि रात्री तीनला कुणी उठवत नाही. आणि ही नोकरी सुरू होते ती टाके ओले असताना.

या पस्तीस तासांतलं बाळाला अंगावर घेण्याचं काम आपल्याला जमणार नाही. त्याच्या आजूबाजूचं सगळं जमतं. बाळ उचलून तिच्या हातात देणं, पाठीला उशी लावणं, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवणं (पाजायला बसलं की दोन मिनिटांत घसा कोरडा पडतो, कुठल्याही बाळंतिणीला विचारा), पिऊन झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, दुपटं बदलणं, परत निजवणं. हिने पाजायचं आणि लगेच डोळे मिटायचे. आमच्या घरी पहिले दोन महिने ही वाटणी होती. ऐकायला सोपी वाटते, पण ती ठरवून घ्यावी लागते. ठरवली नाही की पाजणारीच उठते आणि बदलणारीही तीच असते, कारण ती तशीही जागी असते.

आता दवाखान्याकडे येतो, कारण गाडी बिघडते ती तिथून.

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. आणि जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली मुलं किती? ४१.८ टक्के. म्हणजे डॉक्टर आहेत, नर्स आहेत, तरी निम्म्याहून जास्त बाळांचा पहिला तास असाच जातो. बाळ पुसायला नेतात, वजन करतात, नातेवाइकांना दाखवतात, फोटो होतात, पेढे येतात. आईपर्यंत बाळ सगळ्यात शेवटी पोचतं. पहिल्या दोन-तीन दिवसांचं ते पिवळसर घट्ट दूध, चीक, चमचा-दोन चमचेच असतं. त्या वेळी बाळाला तेवढंच लागतं. ते थोडं दिसतं म्हणून 'दूध नाही' असा निकाल लावून लोक मोकळे होतात.

या सगळ्यात बाप कुठे असतो? कॉरिडॉरमध्ये. बिल, औषधं, रक्त, गाडी, चहा. प्रसूतीच्या वॉर्डाबाहेर 'पुरुषांना प्रवेश नाही' ही पाटी आपण सगळ्यांनी बघितली आहे. त्या पाटीला कारण आहे. एका हॉलमध्ये वीस बाळंतिणी, मधे पडदा नाही, तिथे परके पुरुष फिरू लागले तर कुठलीच बाई मोकळेपणाने पाजणार नाही. म्हणून पाटी फाडा असं मी म्हणत नाही. पडदे लावा म्हणतो. दोन खाटांमध्ये एक पडदा लावायला कितीसा खर्च येतो? पडदा आला की आपापल्या बायकोजवळ नवऱ्याला तासभर बसता येईल आणि नर्सताई बाळ कसं धरायचं ते सांगतात तेव्हा तोही ऐकेल. आज ते सांगणं एकटी ती ऐकते, अर्धवट गुंगीत, आणि घरी आल्यावर कुणाला काही आठवत नाही.

आमचं सिझेरियन होतं, खासगी दवाखान्यात. हिला बाहेर आणायला वेळ लागणार होता. बालरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या, शर्टाची बटणं काढा आणि खुर्चीत मागे टेकून बसा. बाळ उघड्या छातीवर ठेवलं, वरून दुपटं. अंगाच्या उबेने बाळ शांत राहतं, आईइतकंच बापाच्याही. आमच्या आत्याबाई दारातून बघत होत्या, त्यांना हसावं की रागवावं कळेना. नंतर ही वॉर्डात आल्यावर बाईंनी आम्हा दोघांना दाखवलं: बाळाने तोंड मोठं उघडून नुसतं टोक नाही, भोवतालचा काळा भागही बऱ्यापैकी तोंडात घ्यायला हवा. हनुवटी आईला टेकलेली हवी. पाजताना सतत दुखत असेल तर पकड चुकली आहे, बोट घालून सोडवा आणि परत लावा. पाजणारीला हे वरून नीट दिसत नाही. समोर बसलेल्याला दिसतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मीच सांगायला लागलो, "वरचा ओठ आत गेलाय, परत घे."

त्याच दवाखान्यात दुसऱ्या रात्री एक सिस्टर पावडरचा डबा सुचवून गेल्या, "बाळ रडतंय, भूक भागत नाही त्याची." मी एवढंच विचारलं की हे डॉक्टरांनी लिहून दिलंय का आणि कारण काय. सकाळी डॉक्टर आल्या, वजन बघितलं, म्हणाल्या गरज नाही. इथे एक सांगतो. कधीकधी वरचं दूध खरंच लागतं. बाळ कमी दिवसांचं असतं, साखर उतरते, आई आजारी असते. डॉक्टरांनी कारण सांगून दिलं तर द्यावं, त्यात आईची हार नाही आणि कुणी तिला तसं वाटू देऊ नये. आपल्या शेजारच्या मुंबईत सायन हॉस्पिटलला १९८९ पासून मातृदुग्ध पेढी आहे, आशियातली पहिली, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली, ती अशाच बाळांसाठी. पण डबा, बाटली यांची जाहिरात करायला आणि दवाखान्यातून त्यांचा प्रचार करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे. बाळंतिणीच्या अंगात त्या रात्री तो विचारायची ताकद नसते. बाहेर उभा असलेला माणूस तेवढं तरी करू शकतो.

घरी आल्यावर खरी परीक्षा. पाहुणे.

"दूध पुरत नाही वाटतं." हे वाक्य मी पहिल्या पंधरा दिवसांत किती जणांकडून ऐकलं त्याचा हिशोब नाही. काकू, मावशी, समोरच्या फ्लॅटमधल्या आजी, एकदा तर सिलिंडरवाला. बाळ रडलं की हे वाक्य. वाईट हेतूने कुणी बोलत नाही. पण ते हिच्या कानावर पडलं की तिचा चेहरा उतरतो, आणि ताण आला की पान्हा लवकर फुटत नाही, हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं. आता शास्त्रही तेच सांगतं. म्हणजे बोलणाऱ्याचं वाक्य खोटं असलं तरी बोलून बोलून खरं व्हायला लागतं.

यावर मी एक उपाय केला. कालनिर्णयच्या मागच्या पानावर रोज बाळाने किती वेळा शू केली त्याच्या रेघा मारायच्या. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त असतील आणि बाळ एरवी तरतरीत असेल, तर साधारणपणे दूध पोटात जातंय. दुसरं म्हणजे वजन. पहिल्या काही दिवसांत ते थोडं उतरतंच, जन्मावेळच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंत, आणि साधारण दोन आठवड्यांत परत भरून येतं. त्याहून जास्त उतरलं, शू कमी झाली, बाळ सुस्त पडलं तर थेट डॉक्टर. बाकी वेळी कुणी "पुरत नाही" म्हणालं की मी कॅलेंडर दाखवायचो. "काकू, काल आठ वेळा झालीये." काकू गप्प. हिला उत्तर द्यावं लागलं नाही, हे महत्त्वाचं.

आणि आता नाजूक विषय. आपली आई.

मध चाटवणं, गुटी उगाळून देणं, उन्हाळ्यात घोटभर पाणी पाजणं. आमची मुलगी एप्रिलमधली. पनवेलचा एप्रिल तुम्हाला सांगायला नको. आई म्हणाली, "अरे, आपण माठ संपवतोय आणि त्या जिवाला पाणी नाही? चमच्याने पाज." सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, हे उन्हाळ्यातही लागू आहे. त्या दुधात बहुतेक पाणीच असतं. आणि मध तर वर्षभर देऊ नये, त्यातून तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. हे आईला सांगायचं कुणी? सुनेने सांगितलं की ते 'उलट उत्तर' होतं. मुलाने सांगितलं की 'डॉक्टरांनी सांगितलंय' होतं. वाक्य तेच. म्हणून आपल्या आईला नाही म्हणायचं काम मुलाचं, सासूबाईंना समजावायचं काम लेकीचं. मी आईला म्हटलं, "तुझं दुसरं सगळं ऐकतो. अळिवाची खीर कर, डिंकाचे लाडू कर, तेल लावून मालिश कर. फक्त बाळाच्या तोंडात काही नको." चार दिवस अबोला होता. मग तिने तिच्या भिशीच्या मैत्रिणींना स्वतःच सांगायला सुरुवात केली की आता पाणी देत नाहीत म्हणून.

पहिलं बाळंतपण माहेरी, या आपल्या रीतीबद्दलही बोलायला हवं. रीत चांगल्या हेतूची आहे, बाईला विसावा मिळावा म्हणून. पण तिचा एक परिणाम असा की नेमक्या ज्या दीड-दोन महिन्यांत बाळ धरायला, निजवायला शिकायचं, त्या दिवसांत बाप रविवारचा पाहुणा असतो. मिठाई घेऊन येतो, बाळ मांडीवर देतात, रडलं की काढून घेतात. मग ती सासरी परतते तेव्हा तिला दोन महिन्यांचा अनुभव आणि त्याला शून्य. पुढची पाच वर्षं तेच अंतर राहतं. आमच्याकडे रोह्याहून सासूबाईच इकडे येऊन राहिल्या. लेकीच्या घरी इतके दिवस कसं राहायचं म्हणून त्यांना संकोच होता, तो काढायला आईने स्वतः फोन केला. प्रत्येकाला हे जमेल असं नाही. तिला माहेरी जायचं असेल तर तिने जावं, पण मग बापानेही सलग आठ दिवस तिथे राहावं. जावयाचा मान बाजूला ठेवून.

रात्रीच्या बाटलीबद्दल एक सूचना. पुष्कळ चांगले नवरे प्रेमाने म्हणतात, "रात्री मी बाटली देतो, तू झोप." सुरुवातीच्या आठवड्यांत हे उलटं पडू शकतं. दूध मागणीवर बनतं, आणि दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. रात्रीचं पाजणं सुटलं की दूध कमी होत जातं. तिला झोप द्यायचीच असेल तर संध्याकाळी द्या. पिऊन झालेलं बाळ घेऊन दीड तास घराबाहेर पडा. मी वडाळे तलावाच्या काठाने फिरायचो. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ छातीशी घेतलेला पुरुष एकटा दिसला की लोक वळून बघतात, एकदोघांनी "आई कुठाय हिची?" असंही विचारलं. झोपलीये, म्हटलं.

एवढं करूनही काही बायकांचं मन सावरत नाही. दोन आठवड्यांहून जास्त सतत रडू, बाळाकडे बघावंसं न वाटणं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार. याला 'नाटकं' म्हणू नका, दृष्ट काढत बसू नका. डॉक्टरकडे न्या. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी मोफत नंबर आहे, मराठीत बोलतात.

आता मूळ अडचण. वेळ.

पनवेलहून सीएसएमटीला धीम्या लोकलने एक तास वीस मिनिटं. घर ते स्टेशन, स्टेशन ते ऑफिस धरलं तर जाऊन येऊन साडेतीन-चार तास. सकाळी सातला गेलेला माणूस रात्री साडेआठ-नऊला येतो. तळोजा एमआयडीसीत असाल तर शिफ्ट. वर जे सगळं लिहिलं ते या माणसाने कधी करायचं? आईला २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे, निदान कायद्यात आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला दोनपेक्षा कमी मुलं असतील तर १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत यासाठी खासगी विधेयक मांडलं होतं. खासगी आणि असंघटित क्षेत्रासह सगळ्यांना १५ दिवस, आणि ते तीन महिन्यांपर्यंत वाढवता येतील अशी तरतूद होती. ते मंजूर झालं नाही. सातव २०२१ मध्ये गेले. २०२० मध्ये संसदेने सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर केली, तिच्यात प्रसूती रजेचं सगळं आलं, बापाची रजा आली नाही.  आपल्या खासदारांना विचारायला हरकत नाही.

मी माझ्या साठलेल्या रजेतून सतरा दिवस काढले. साहेब म्हणाले, "बाळंतपण तुझं आहे का बायकोचं?" ऑफिस हसलं. मीही हसलो आणि रजेचा अर्ज पुढे सरकवला.

पण रजेचा कायदा उद्या झाला तरी तो कुणापर्यंत पोचणार? खारघरच्या टॉवरमध्ये चार घरची धुणीभांडी करणारी बाई तिसऱ्या आठवड्यात कामावर परत येते, कारण दुसरी बाई लागली की घर सुटतं. तिचा नवरा सकाळी नाक्यावर उभा राहतो, उभा राहिला नाही त्या दिवशी पैसे नाहीत. त्यांना मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्याला पाच हजार रुपये मिळतात, तेही हप्त्याने आणि कागद पूर्ण असतील तर. त्या घरी आशाताई येते, दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी बेचाळीस दिवसांत सहा वेळा, आणि त्या सगळ्या फेऱ्यांचे मिळून तिला अडीचशे रुपये मिळतात. ती जे सांगते ते बाळंतीण ऐकते, सासू ऐकते. नवरा नाक्यावर. त्याच्या रजेचे पैसे देणार कोण, हा प्रश्न मला सुटलेला नाही. बांधकाम कामगारांचं कल्याणकारी मंडळ राज्यात आहे, नोंदणीही होते. बाळंतपणात पंधरा दिवसांची मजुरी तिथून बापाला देता येईल का, यावर कामगार संघटनांमधल्या लोकांनी बोलावं, माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.

आपल्या हातातलं एवढं आहे. पनवेल महापालिका २०१६ पासून आपली आहे, तिचे दवाखाने आहेत, गरोदर बायकांची तपासणी तिथे होते. त्या तपासणीच्या दिवसांपैकी महिन्यातला एक दिवस रविवारी ठेवा आणि नवऱ्यांना बोलवा. अर्धा तास. बाळ कसं धरायचं, शू किती वेळा व्हायला हवी, मध का नको. मी प्रभाग कार्यालयात अर्ज देणार आहे, सोबत यायचं असेल त्यांनी मेसेज करा.

आणि तुमच्या नोकरीत बापाला किती दिवसांची पगारी रजा मिळते ते खाली लिहा. कंपनीचं नाव लिहायचं नसेल तर नुसतं 'तळोजा, केमिकल' किंवा 'बेलापूर, आयटी' असं लिहा. शून्य असेल तर शून्य लिहा. अर्जाला जोडायची आहे ती यादी.